सहा पॉइंट शहाण्णव

बायकोने सांगितल्याशिवाय तिला मदत करायची नाही, हा नियम मी लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी स्वतःला घालून घेतला होता. (पहिल्या वर्षी मी तिचा लोकरी स्वेटर उकळत्या पाण्यात धुऊन दिला होता. तो पुढे शेजारच्या बाळाला अगदी मापात बसला.) हा नियम मी अठरा वर्षं निष्ठेने पाळला. मग एका रविवारी दुपारी तो मोडला आणि त्याचं पुढे काय झालं ते सांगतो.

आधी आमची ओळख. मी वजनकाट्यावर कारकून आहे. खडी, भंगार, सिमेंट असं काहीबाही भरलेली गाडी काट्यावर येते, मी तिचं वजन घेतो. माल उतरवून ती रिकामी परत येते, मी पुन्हा वजन घेतो, वजाबाकी करतो आणि पावती फाडतो. दिवसाला साठ-सत्तर वजाबाक्या होतात. त्यामुळे आकडेमोडीत आपला हात धरणारा कोणी नाही, असा माझा समज आहे. बायकोचा तसा काही समज नाही.

बायको शाळेच्या प्रयोगशाळेत परिचर आहे. सतरा वर्षं ती परीक्षानळ्या धुते, बाटल्यांना चिठ्ठ्या लावते आणि कशात काय ओतायचं नाही हे मुलांना सांगते. (शिक्षकांनाही सांगते, पण ते कानात सांगते.) तिथले प्रयोगशाळा सहायक यंदा निवृत्त होणार हे तिला तीन वर्षांपूर्वीच ठाऊक होतं. त्या जागेला विज्ञानाची पदवी लागते. म्हणून तिने पंचेचाळिसाव्या वर्षी संध्याकाळच्या कॉलेजात नाव घातलं. मी तिला प्रोत्साहन दिलं. म्हणजे, 'बघ बुवा, झेपेल का,' असं विचारलं.

झेपलं. सहाच्या सहा सेमिस्टर ती पास झाली. शेवटचा निकाल तीन तारखेला लागला. आता एकच अडचण उरली होती. शाळेच्या सूचनेत लिहिलं होतं की पदवीचा सीजीपीए, म्हणजे सगळ्या सेमिस्टर मिळून जो एक आकडा निघतो तो, सातच्या खाली नसावा, आणि तसं गुणपत्रक पंधरा तारखेपर्यंत मुख्याध्यापिकांच्या टेबलावर यावं. नाही आलं तर बाहेरचा माणूस घेणार. कॉलेज मात्र ते एकत्रित गुणपत्रक आठ-दहा दिवसांनी देणार होतं.

बायको निवांत होती. 'येईल तेव्हा येईल,' म्हणाली आणि दळण आणायला गेली. सासूबाई आमच्याकडेच राहतात, त्याही निवांत होत्या. चाळीस वर्षं शिवणकाम केलेली बाई, त्यांच्या हातून सुई कधी पडत नाही आणि तोंडून शब्दही फारसा पडत नाही. घरात अस्वस्थ असा मी एकटाच होतो. कोणीतरी काळजी करायला हवी ना.

त्या रविवारी मायलेकी चष्म्याच्या दुकानात गेल्या आणि मी कपाटातल्या चादरींखालची हिरवी फाइल काढली. आत सहा गुणपत्रकं होती. मी फाइल मांडीवर उलटी ठेवली, तिच्यावर काट्याची एक जुनी पावती पालथी घातली आणि कामाला लागलो. फाइलीच्या पाठीवर पेन्सिलीने कोणाचातरी फोन नंबर लिहिलेला होता. त्यातही एक आकडा कमी होता. बायकांना नंबरसुद्धा धड लिहून घेता येत नाही, असं मनात म्हणून मी पुढे गेलो.

पहिल्या सेमिस्टरला साडेसहा. दुसरीला सात. तिसरीला पाच. (इथे मी थोडा थांबलो.) चौथीला साडेसात, पाचवीला पावणेआठ आणि सहावीला आठ. बेरीज झाली पावणेबेचाळीस. भागिले सहा. उत्तर आलं सहा पॉइंट शहाण्णव.

मी पुन्हा भागाकार केला. मग खालून वर बेरीज केली, मग मोबाइलवर केली, मग मोबाइलवर विश्वास नको म्हणून बोटांवर केली. आकडा जागचा हलेना. बायको चार शतांशांनी नापास होत होती, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता. ती चष्म्याची फ्रेम निवडत होती.

खरं सांगायचं तर प्रत्येक गुणपत्रकाच्या कोपऱ्यात 'क्रेडिट' म्हणून आणखी एक रकाना होता. वीस, वीस, आठ, चोवीस, चोवीस, चोवीस असे आकडे होते. ते मी पाहिले होते. पण कॉलेजचं ते काहीतरी अंतर्गत असेल असं समजून सोडून दिलं. छापील कागदावरचे सगळे रकाने वाचत बसायचं नसतं, एवढं मी नोकरीत शिकलो आहे.

मायलेकी परत आल्या तेव्हा फाइल चादरींखाली होती आणि पावती माझ्या शर्टाच्या खिशात. बायकोने नवी फ्रेम लावून दाखवली आणि कशी दिसते विचारलं. मला तिच्याकडे बघवेना. मी म्हणालो, चांगली आहे, काही झालं तरी तू खचू नकोस. ती म्हणाली, फ्रेमच आहे हो, आवडली नाही तर बदलून मिळते.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी कॉलेज गाठलं. परीक्षा विभागाला एकच खिडकी होती, आणि तिच्या काचेला तळाशी जेमतेम हात जाईल एवढी फट. पलीकडे बसलेल्या बाईंचं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही, म्हणून मी त्यांना खिडकीच म्हणतो. खिडकीला मी विचारलं की सहा पॉइंट शहाण्णव असेल तर सात धरतात का.

"नाही," खिडकी म्हणाली.

मी समजावून सांगितलं की आमच्या काट्यावर वीस किलोच्या आतलं आम्ही मोजतच नाही. चार शतांश म्हणजे काय हो, चालकाने चहा घेतला की तेवढं वजन वाढतं. खिडकीने विचारलं, विद्यार्थी कोण? मी म्हणालो, बायको. मग त्यांनाच पाठवा, असं ती म्हणाली. बायकोला हे कळता कामा नये, असं मी खालच्या आवाजात सांगितलं. त्यावर खिडकीने पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं.

शेवटी तिनेच सांगितलं की एखाद्या विषयाची श्रेणी वाढवायची असेल तर श्रेणीसुधार परीक्षा असते. पुढच्या महिन्यात आहे, आणि अर्ज भरायचा आज शेवटचा दिवस. माझ्या अंगात वीज संचारली. तिसऱ्या सेमिस्टरच्या रसायनशास्त्रात बायकोला चारच पॉइंट होते. हाच तो पापी विषय. मी तिथेच उभ्या उभ्या अर्ज भरला. खाली 'विद्यार्थ्याची सही' असा रकाना होता. वीस वर्षं तिच्या नावाने येणारी पार्सलं मीच सही करून घेतो आहे, तेव्हा तीही मीच ठोकली. खिडकीने कागद आत ओढला आणि पोच दिली. पोचेच्या पाठीमागे बारीक अक्षरांत बरंच काही छापलं होतं. मी ती घडी घालून पाकिटात ठेवली.

आता प्रश्न एवढाच राहिला की बायकोचा अभ्यास तिच्या नकळत कसा करून घ्यायचा. परीक्षेचं मी तिला योग्य वेळी सांगणार होतो. (योग्य वेळ म्हणजे माझ्या डोळ्यांसमोर साधारण परीक्षेच्या आदल्या दिवसाची दुपार होती.) तोपर्यंत विषय डोक्यात ताजा राहायला हवा. मी तिचं रसायनशास्त्राचं पुस्तक शोधून काढलं आणि ते तिला सहज दिसेल असं ठेवू लागलो. त्याच संध्याकाळी आधी टीव्हीवर, मग पोळपाटाखाली, रात्री तिच्या उशीवर. ती दर वेळी ते उचलून फळीवर ठेवायची.

मग मी संवादाचा मार्ग धरला. मंगळवारी सकाळी चहा घेताना विचारलं की अगं, हे आम्ल म्हणजे नेमकं काय. तिने सांगितलं. मी म्हणालो, आणि आम्लारी? तिने तेही सांगितलं. मी म्हणालो, जरा सविस्तर सांग, दहा मार्कांचं. तिने कप खाली ठेवला आणि माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

बुधवारीही मी प्रश्न विचारले. गुरुवारी तिचा सूर बदलला. ती माझ्याजवळ येऊन बसली, आणि म्हणाली की तीन वर्षं मी काय शिकते आहे हे तुम्ही एकदाही विचारलं नाहीत, मला वाईट वाटायचं, पण आता विचारताय ते बरं वाटतं. एवढं बोलून ती उठून गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीन वर्षांत मी खरंच विचारलं नव्हतं, आणि आता विचारत होतो ते तिला उत्तरं पाठ व्हावीत म्हणून.

सासूबाईंनी मात्र वेगळाच निष्कर्ष काढला. आम्लाबद्दल माणूस एवढं विचारतो म्हणजे त्याचं पोट बिघडलं आहे. त्यांनी दोन दिवस माझ्या ताटात फक्त मऊ भात वाढला. मी तो मुकाट्याने गिळला. चोराच्या मनात चांदणं असलं की तक्रार करायचं धाडस होत नाही.

शुक्रवारी दुपारी मी जेवायला घरी आलो तेव्हा बायको शाळेत होती. सासूबाईंनी धुवायच्या कपड्यांचे खिसे तपासले आणि ती पावती घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या. एका बाजूला ट्रकचं वजन, दुसऱ्या बाजूला माझा भागाकार आणि त्याखाली तीनदा गिरवलेला सहा पॉइंट शहाण्णव.

"जावईबापू, हे काय आहे?"

मी सगळं सांगून टाकलं. अर्ज, सही, पोळपाटाखालचं पुस्तक, सगळं. पोटात ठेवून ठेवून मऊ भातही पचेना झाला होता. तिचं सात भरत नाही, आई, असं म्हणालो.

सासूबाई खुर्चीवर बसल्या. मग पावतीवरच्या पाचाच्या आकड्यावर बोट ठेवून त्यांनी विचारलं की हे कधीचं. मी म्हणालो, तिसऱ्या सेमिस्टरचं.

"म्हणजे माझा खुबा मोडला तेव्हाचं," त्या म्हणाल्या. "माझ्या उशाशी बसून वाचायची. मी दर अर्ध्या तासाने हाक मारायचे."

त्यांचे डोळे भरले. चाळीस वर्षांत कोणाचं कापड वाया घालवलं नाही, आणि पोरीची तीन वर्षं घालवली, असं त्या पुटपुटल्या. मी त्यांच्याजवळ बसलो. मग त्यांनी पदराने डोळे पुसले, चष्मा लावला, आणि पावती पुन्हा नीट बघितली.

"पण त्या वेळी तिने दोनच विषय घेतले होते ना? बाकीचे नंतर करीन म्हणाली होती."

मी म्हणालो, हो, दोनच.

"आणि शेवटच्या वेळी?"

"सहा."

"मग दोन विषयांच्या पाचाला आणि सहा विषयांच्या आठाला तुम्ही एकाच रांगेत कसं बसवलंत?" त्या म्हणाल्या. "कोटाचं कापड तीन मीटर आणि अस्तराची चिंधी वीतभर. दोन्हींचा भाव मिळवून निम्मा केला, तर कोटाची किंमत निघेल का? तुम्ही तर काट्यावर बसता."

मी उठलो आणि चादरींखालून फाइल काढली. क्रेडिटचा रकाना आता माझ्याकडे डोळे वटारून बघत होता. वीस, वीस, आठ, चोवीस, चोवीस, चोवीस. म्हणजे कोणत्या सेमिस्टरचं ओझं किती, हेच त्यात लिहिलं होतं. मी प्रत्येक सेमिस्टरच्या पॉइंटना तिच्या क्रेडिटने गुणलं. एकशेतीस, एकशेचाळीस, चाळीस, एकशेऐंशी, एकशेशहाऐंशी, एकशेब्याण्णव. बेरीज आठशेअडुसष्ट. एकूण क्रेडिट एकशेवीस. भागाकार केला.

सात पॉइंट तेवीस.

जन्मभर गाड्यांची वजनं केली आणि हातगाडी न् ट्रक एकाच भावाने मोजले ते घरी येऊन. पण त्या क्षणी मला त्याची लाज वाटली नाही. मी सासूबाईंना वाकून नमस्कार केला. त्यांनी आशीर्वाद दिला, आणि मग विचारलं की त्या अर्जाचं आता काय.

मी पाकिटातून पोच काढली आणि पहिल्यांदाच तिची पाठ वाचली. नियम एक: अर्ज स्वीकारल्यावर संबंधित विषयाची जुनी श्रेणी रद्द समजली जाईल. नियम दोन: सुधारित निकाल लागेपर्यंत एकत्रित गुणपत्रक रोखून ठेवले जाईल. नियम तीन: अर्ज मागे घ्यायचा असल्यास विद्यार्थ्याने शुक्रवारी पाचच्या आत समक्ष यावे. सुधारित निकाल चार महिन्यांनी लागणार होता. शाळेची मुदत पाच दिवसांनी संपत होती. घरात चांगली सात पॉइंट तेवीसची बायको असताना मी तिला स्वतःच्या हाताने अडकवून ठेवली होती.

काट्यावर निरोप पाठवून मी शाळेत गेलो. प्रयोगशाळेत तास नव्हता. बायको नळाखाली परीक्षानळ्या धूत होती, ब्रश आत घालून, एकेक उजेडात धरून. मी दारातच उभा राहून सगळं सांगितलं. भीतीने उलट्या क्रमाने सांगितलं, त्यामुळे तिला सुरुवातीला वाटलं की मीच कुठल्यातरी परीक्षेला बसतो आहे. मग तिच्या लक्षात आलं. तिने नळ बंद केला.

"म्हणून आम्ल आणि आम्लारी," ती म्हणाली.

मी मान खाली घातली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती परीक्षानळी पुसत राहिली.

"सात पॉइंट तेवीस मला निकालाच्या दिवशीच माहीत होतं," ती म्हणाली. "लिहूनसुद्धा ठेवलंय. फाइलीच्या पाठीवर."

आठशेअडुसष्ट, एकशेवीस, सात तेवीस. तो एक आकडा कमी असलेला फोन नंबर माझ्या डोळ्यांसमोर आला. ज्या फाइलीवर पावती ठेवून मी पाच वेळा चुकीचा भागाकार केला, तिच्यावरच माझ्या अंगठ्याखाली बरोबर उत्तर होतं.

"मला विचारायचं होतंत," ती म्हणाली. "माझी सतरा वर्षं आहेत त्या जागेत. एकदा विचारायचं होतंत."

चूक झाली, असं मी म्हणालो. लग्नाला वीस वर्षं झाली, पण हे वाक्य मी पुढे 'पण' न लावता पहिल्यांदाच बोललो असेन. तिने हात पुसले, पर्स घेतली आणि म्हणाली की चला, पाच वाजायच्या आत पोहोचू.

पावणेपाचला आम्ही खिडकीसमोर होतो. खिडकीने बायकोचं ओळखपत्र पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि खणातून माझा अर्ज काढला. त्यावर लाल शाईत शेरा होता: 'सही नोंदीतील सहीशी जुळत नाही. अर्ज स्वीकारलेला नाही. विद्यार्थ्याने पालकांसह समक्ष भेटावे.'

"हा सोमवारीच बाजूला ठेवलाय," खिडकी म्हणाली. "सही बघूनच कळलं. तुमचं गुणपत्रक तयार आहे. सात पॉइंट तेवीस."

वीस वर्षं जी सही बघून पार्सलवाल्यांनी कधी भुवई उचलली नाही, ती खिडकीने एका नजरेत ओळखली होती, आणि मी इतकी वाईट सही केली म्हणून माझ्या बायकोची जागा वाचली होती. आयुष्यात माझ्या हातून झालेली ही एकमेव उपयोगी मदत. मी तसं बोलून दाखवणार होतो, पण बायकोने कोपर मारलं.

गुणपत्रक मात्र खिडकीने लगेच सोडलं नाही. शेऱ्याचा निकाल लागायला हवा होता. खोटी सही ज्याने केली त्याने पालकांसमोर हमीपत्र लिहून द्यायचं, असा नियम होता. मी म्हणालो की बाई, मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे, या वयात पालक कुठून आणू. खिडकीने नियमाकडे बोट दाखवलं.

"मी आहे ना," बायको म्हणाली, आणि कागद पुढे ओढला. 'पालकाची सही' या रकान्यात तिने सही केली. त्यापुढे 'नाते' असा रकाना होता. तिथे तिने लिहिलं: पत्नी, नाइलाजाने.

मी 'यापुढे असे करणार नाही' असं लिहिलं, घाईत दोन शब्द खोडून पुन्हा लिहिले आणि खाली सही केली. माझी स्वतःची. खिडकीने तो कागद उजेडात धरला, बराच वेळ निरखला, आणि मला सोडून बायकोला विचारलं, "ही तरी यांचीच आहे ना?"

बायकोने पर्समधून नवा चष्मा काढला, लावला, आणि कागद जवळ घेऊन पाहिला.

"यांचीच," ती म्हणाली. "खाडाखोड बघा ना."